आमदार भुंडीपाशी बसला

आमच्या पठारावर सरकारी गाडी यायची ती निवडणुकीच्या आधी, आणि तीही बहुतेक वेळा अर्ध्या वाटेत पंक्चर होऊन परत जायची. त्यामुळे एकाच वर्षी दोन गाड्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा माझा भाऊ रुपेर्तो म्हणाला, "ओतिलिया, खाली शहरात काहीतरी मोठा घोटाळा झालाय. नाहीतर आपली आठवण कुणाला व्हायची?"

पहिली गाडी पक्ष्यांची होती, दुसरी कुत्र्यांची.

पक्ष्यांच्या गाडीतून देमियान उतरला. लांब मानेचा, किडकिडीत, बोलायला लागला की कुजबुजणारा. तो कोंडोर परत आणायला आला होता. कोंडोर म्हणजे गिधाडांतलं सगळ्यांत थोराड गिधाड. पंख पसरले तर माझ्या स्वयंपाकघरात मावणार नाही. पणजोबांच्या काळात ते आमच्याकडे होते. मग पणजोबांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बंदुकीने आणि विषाने त्यांचा निकाल लावला, आणि पुढच्या पिढ्या आभाळ कसं ओकंबोकं झालंय म्हणून हळहळायला मोकळ्या झाल्या.

देमियानची पाखरं शहरातल्या प्राणिसंग्रहालयात जन्मली होती. पिल्लाला माणूस दिसता कामा नये, म्हणून पडद्याआडून हातात कोंडोरच्या मुंडक्याची रबरी बाहुली चढवून ही मंडळी त्याला भरवायची.

"म्हणजे ती बाहुली म्हणजे त्याची आई?" माझ्या भावजयीने, सेल्मिराने विचारलं.

"त्याला तसं वाटतं," देमियान कुजबुजला.

"मग माणसं कशाला नकोत? निदान खरी तरी असतात."

"माणसांची सवय लागली तर ती माणसांजवळ जातील, आणि माणसं त्यांना मारतील."

"हे मात्र खरं," सेल्मिरा म्हणाली आणि शेळ्यांकडे गेली.

दुसऱ्या गाडीतून इंजिनियर बिबियाना उतरली. ती बोलली की वाऱ्यालाही थांबून ऐकावं लागे. तिचं म्हणणं असं: तुम्ही प्यूमाला, त्या डोंगरी वाघराला, आणि कोल्ह्याला मारायला मेलेल्या शेळीत विष भरता, ती शेळी कोंडोर खातो आणि मरतो. तेव्हा मी तुम्हाला कुत्रा देते. कुत्रा असला की प्यूमा येणार नाही, प्यूमा आला नाही की विष लागणार नाही, आणि विष नसलं की कोंडोर जगेल. इतकं सरळ. कागदावर आमच्या पठाराचा स्वर्ग झाला होता. फक्त देमियान एका कार्यालयाचा आणि बिबियाना दुसऱ्या कार्यालयाची, आणि त्या दोन कार्यालयांमधून विस्तव जात नव्हता. आमच्या अंगणात दोघांनी एकमेकांकडे पाहून नुसती मान हलवली, तीसुद्धा जपून.

कुत्रा म्हणजे पांढरंशुभ्र, मुठीएवढ्या पंजांचं पिल्लू होतं. त्याला थेट शेळ्यांच्या वाड्यात सोडायचं, शेळीचं दूध पाजायचं आणि आपण शेळीच आहोत असं त्याला वाटू द्यायचं. त्याला घरात घ्यायचं नाही, कुरवाळायचं नाही, लाडाने हाक मारायची नाही.

"हा नियम आमच्या घरात जुनाच आहे," रुपेर्तो म्हणाला. "माझ्या लग्नापासूनचा."

सेल्मिराने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती पिल्लू बखोटीला धरून भुंडीकडे घेऊन गेली.

भुंडी ही कळपाची म्होरकी. तिला शिंगं नव्हती म्हणून भुंडी. जन्मली तेव्हा आई बर्फात मेली होती, म्हणून सेल्मिराने तिला चुलीपाशी ठेवून बाटलीने वाढवली होती. माझी भावजय मायाळू आहे असं तिचा शत्रूही म्हणणार नाही, पण त्या शेळीशी ती बोलायची. तास न् तास. आमच्याशी हवामानापलीकडे एक शब्द नाही आणि शेळीला मात्र सगळ्या पठाराच्या भानगडी माहीत. त्या वर्षी भुंडीचं करडू मेलं होतं आणि तिचं दूध वाया चाललं होतं. तिने पिल्लाला हुंगलं, एकदा ढुशी मारली, आणि मग पाजलं.

नाव ठेवायचं नाही म्हटलं तरी गाव ऐकतंय होय? सरकारी गाडीतून आला, फोटो काढून घेतले आणि वाड्यात जाऊन ताणून दिली. दुसऱ्या दिवशी सगळे त्याला आमदार म्हणायला लागले.

पण हा आमदार नावाला जागला नाही. वर्षभरात वासराएवढा झाला आणि कामाला लागला. सकाळी कळपाबरोबर निघायचा, उंचवट्यावर बसून वारा हुंगायचा, संध्याकाळी सगळ्यांत शेवटी वाड्यात शिरायचा. प्यूमा आमच्या बाजूला फिरकेनासा झाला. कोल्ह्यांनीही दुसरा मतदारसंघ शोधला. करडं वाचली, आणि मग एके दिवशी रुपेर्तोने आपला विषाचा डबा बिबियानाच्या हवाली केला. तेव्हा फोटो निघाला. रुपेर्तो धुतलेली टोपी घालून उभा, जणू तो डबा म्हणजे त्याने जिंकलेला चषक. पुढे म्हणे शहरातल्या एका प्रदर्शनात तो डबा काचेच्या पेटीत मांडला. आमच्या घराण्यातून शहरात जाऊन नाव काढलेला तो एकटाच.

देमियाननेही आपलं काम पुढे नेलं होतं. आमच्या कड्यावर पिंजरा बांधला, तिथे एक तरुण मादी आणली आणि पठाराची ओळख होईपर्यंत तिला आत ठेवली. तिला मोठ्या समारंभाने एक भारदस्त नाव दिलं होतं. आम्ही तिला विहीणबाई म्हणायचो. लांबून थाटात आलेली, हिचा मान ठेवा, हिला आयतं वाढा, आणि वर समोर जाऊन तोंड दाखवायची सोय नाही.

कड्याखाली एक सपाट खडक होता. आमच्यापैकी कुणाचं जनावर मेलं की ते तिथे नेऊन टाकायचं, असं ठरलं. पशुवैद्यकीय खात्याने तो एवढा एकच खडक मंजूर केला होता. पठारावर खडकांखेरीज दुसरं काही नाही, पण मंजूर असा तो एकच. त्यासमोर दूर देमियानने दगड रचून एक आडोसा केला होता. तिथे तो दुर्बीण लावून दिवसचे दिवस बसायचा.

हिवाळा सरता सरता विहीणबाईंचा पिंजरा उघडला. ती बाहेर आली, कड्यावर बसली, दोन-चार घिरट्या घालून पुन्हा तिथेच येऊन बसली. आणि त्याच आठवड्यात भुंडी मेली. म्हातारी झाली होती, थंडी सोसली नाही. सकाळी वाड्यात आडवी पडलेली आढळली आणि आमदार तिच्या पोटाला टेकून बसला होता.

सेल्मिराने पाहिलं आणि म्हणाली, "घेऊन जा."

"पुरूया का?" रुपेर्तोने विचारलं. त्याला तेवढं कळतं.

"जमीन गोठलीय. आणि त्या पक्षीवाल्या पोराला शब्द दिलाय ना? ने."

रुपेर्तोने भुंडीला गाडीत घातली. आमदार मागून पळत गेला. खडकावर तिला उतरवून रुपेर्तो परतला, कुत्रा येईलच पाठोपाठ म्हणून. संध्याकाळी कळप वाड्यात आला, आमदार आला नाही.

दुसऱ्या दिवशी देमियान आमच्या दारात उभा. चेहरा असा, की घरातलंच कुणी गेलंय.

"तुमचा कुत्रा तिथे बसलाय," तो कुजबुजला.

"कुठे?"

"शेळीपाशी. विहीणबाई..." त्यानेही आता आमचंच नाव उचललं होतं, "ती दोनदा उतरली. याने दोन्ही वेळा तिला हुसकावली. पिंजऱ्यातून सुटल्यापासून तिच्या पोटात काही गेलेलं नाही. तिला दुसरीकडे शोधता येत नाही अजून. काहीतरी करा."

रुपेर्तो दोर घेऊन गेला आणि परतला तो लोकरी कोटाची एक बाही गमावून. "कुत्र्याने काही केलं नाही," तो म्हणाला. "बाहीच मध्ये आली."

मग बिबियानाला बोलावणं गेलं. ती आली, आणि पहिल्यांदाच ती दोन्ही कार्यालयं एका टेबलाशी बसली, ती माझ्या स्वयंपाकघरात. मी चरबीत पुऱ्या तळत होते. येर्बाच्या कडू काढ्याचा पेला हातोहात फिरत होता. आमच्याकडे एकाच नळीने सगळे पितात. त्यामुळे देमियानने चोखलेली नळी बिबियानाला तोंडात धरावी लागली. तिने ती आधी खिशातल्या रुमालाने पुसली. हे आमच्याकडे भांडण उकरण्यासारखंच.

"तुमच्या कुत्र्याला बोलवा," देमियान म्हणाला.

"तो बोलावल्यावर येणारा कुत्रा नाही," बिबियाना म्हणाली. "येणारा असता तर मी नापास झाले असते. त्याने माणसाचं ऐकायचं नसतं, शेळीला सोडायचं नसतं. तो अगदी चोख काम करतोय."

"शेळी मेलीय."

"हे त्याला शिकवलेलं नाही. माझ्या अख्ख्या प्रकल्पात असा कुत्रा दुसरा नाही. मी तर याचा अहवाल लिहिणार आहे."

"आणि माझा पक्षी उपाशी मरेल त्याचा अहवाल कोण लिहिणार?"

"तो तुमच्या कार्यालयाचा विषय."

"मी त्या कुत्र्याला थोडं मटण नेऊन देते," मी म्हटलं. "चार दिवस उपाशीच असेल."

"अजिबात नाही," बिबियाना म्हणाली. "तिथे बसण्याचं बक्षीस दिल्यासारखं होईल."

"आणि तिथे माणूस जाताच कामा नये," देमियान म्हणाला. "ती कड्यावरून बघतेय."

एवढ्या एकाच गोष्टीवर दोघांचं एकमत झालं, की कुणी काही करायचं नाही. आमच्या सरकारला हे सुचायला एरवी वर्षं लागतात.

खडकावर आमदार बसून होता. देमियान मला एकदा आडोशात घेऊन गेला, तेव्हा मी दुर्बिणीतून पाहिलं. भुंडीच्या अंगावर पांढरं दव पडलेलं, शेजारी हा, पाय पुढे ताणून. एक कोल्हा आला, त्याला हा पार उतारापर्यंत पिटाळून आला आणि परत त्याच जागी बसला. वर कड्यावर विहीणबाई मान आखडून बसल्या होत्या. दोघांच्या मध्ये वारा. मला हसू यायला हवं होतं. घरी आल्यावर मी सेल्मिराला एवढंच सांगितलं, "बारीक झालाय."

"कोण?"

"दोघंही."

ती चुलीकडे वळली. त्या दिवसांत तिने शेळ्यांशीही बोलणं टाकलं होतं.

आणि मग जे व्हायचं ते झालं. कळपाला पहारा नव्हता. सकाळी वाड्याचं दार उघडलं तर आत चार शेळ्या मारून टाकलेल्या. प्यूमा एक खातो आणि बाकीच्या सवयीने मारतो. रुपेर्तोने चारही ओढून बाहेर काढल्या. मग शांतपणे म्हणाला, "मी गावात जाऊन येतो."

"कशाला?" सेल्मिराने विचारलं.

"माझा डबा काचेच्या पेटीत बसलाय. दुसरा आणतो."

देमियान अंगणातच होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "रुपेर्तोमामा, या चारही शेळ्या खडकावर..." एवढं बोलून तो थांबला, कारण खडक एकच मंजूर होता आणि त्यावर आमदार होता.

"दुसरा खडक मंजूर करून घे की," रुपेर्तो म्हणाला.

"अर्ज केला तर वसंतापर्यंत होईल."

"तोपर्यंत माझा कळपही मंजूर होईल. प्यूमाच्या पोटात."

"विष ठेवणार?" सेल्मिरा म्हणाली. "ठेव. पहिला मरेल तो तुझाच कुत्रा. दुसरी मरेल ती वर बसलेली. आणि प्यूमा येईल आणि हुंगून पुढे जाईल, मागच्या वेळेसारखा. तू एवढा शहाणा असतास तर माझं आयुष्य काय झालं असतं, मी कधी कधी विचार करते."

रुपेर्तो गाडीत बसला, पण किल्ली फिरवली नाही. नुसता बसून राहिला, काच वर करून. पुरुषमाणसाला रुसायला आमच्या पठारावर गाडीशिवाय दुसरा आडोसा नाही.

सेल्मिराने घोडीवर खोगीर चढवलं. "वन्सं, कळप सोडा," मला म्हणाली. "सगळा. वाड्यात एकही ठेवू नका. आज मी खडकाकडे चरायला नेते. निदान नजरेसमोर राहतील."

"देमियान म्हणतोय तिथे माणसाने..."

"देमियान म्हणतोय ते मी ऐकलंय. माझी घंटा राहिलीय तिथे."

भुंडीच्या गळ्यात पितळेची घंटा होती. सेल्मिराच्या आईची, सासरी येताना आणलेली. रुपेर्तोने घाईत भुंडीला घंटेसकट टाकून दिलं होतं, आणि हे तिने इतके दिवस पोटात ठेवलं होतं. नवऱ्याच्या चुका ती लोणच्यासारख्या मुरू देते.

मीही दुसऱ्या घोड्यावरून गेले. देमियान मागून धावत आला आणि आडोशात जाऊन लपला; निदान एकाने तरी नियम पाळावा म्हणून असेल. कळप उतारावर पसरला. आमदाराने आपल्या शेळ्या पाहिल्या आणि तो उठला. शेपूट हलवत अर्ध्या वाटेपर्यंत आला, एकेकीला हुंगलं, आणि मागे वळून भुंडीकडे गेला. परत आला. परत गेला. मला वाटलं, याचे आता दोन तुकडे होणार.

सेल्मिरा घोडीवरून उतरून सरळ त्याच्याकडे चालत गेली. मी म्हटलं, आता हिची बाही जाणार. तो गुरगुरला. ती त्याला म्हणाली, "हो, हो, ऐकलं," आणि भुंडीपाशी गुडघे टेकून बसली. पट्टा गोठून कडक झाला होता. तिला हातमोजे काढून, बोटांवर फुंकर घालत तो सोडवावा लागला. कुत्रा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. पट्टा सुटल्यावरही ती लगेच उठली नाही. भुंडीच्या कपाळावर, शिंगं नसलेल्या जागी, तिने हात ठेवला. तोंडाने काही बोलत होती. वारा माझ्याकडून तिच्याकडे वाहत होता, मला काही ऐकू आलं नाही.

मग ती उठली. घंटा खिशात मावेना, आणि हातात धरली तर लगाम धरता येईना. म्हणून जवळच उभ्या असलेल्या भुंडीच्या लेकीच्या, एका दांडग्या पाटीच्या, तरण्या शेळीच्या, गळ्यात तिने ती अडकवली आणि घोडीवर चढली. पाटीला गळ्यातलं ओझं नवीन. ती दचकून उतारावरून पळत सुटली. घंटा वाजत सुटली आणि घंटेमागे सगळा कळप.

आमदाराने कान टवकारले. एकदा मेलेल्या शेळीकडे पाहिलं, एकदा आवाजाकडे. मग जी धाव घेतली, ती पाटीच्या बरोबरीला जाऊनच थांबला. मागे वळून पाहिलं नाही.

सेल्मिराने घोडी वळवली. "गेला की," ती म्हणाली. तिलाही कळलं नव्हतं असं होईल म्हणून. ती खरोखर घंटेसाठीच आली होती.

आम्ही कळप पलीकडच्या घळीत नेला. दुपारी तिने मला कळपापाशी बसवलं आणि स्वतः आडोशाकडे चालायला लागली. मी थोड्या वेळाने तिच्या मागे गेले. शेळ्यांना आता माझी गरज नव्हती, त्यांचा आमदार परत आला होता. देमियानने आम्हाला ओठांवर बोट ठेवून आत घेतलं.

विहीणबाई उतरल्या होत्या. दुर्बिणीतून पाहिली तर ती देखणी वगैरे नव्हती. उघडी मान, ओबडधोबड पाय, कोंबडीसारखी चाल. पुढे जायची, दचकून मागे यायची. बाहुलीने भरवलेलं पोर ते. ताटावर कसं बसायचं हे त्याला कुणी शिकवलं होतं? शेवटी तिने चोच घातली. देमियान रडत होता, तेसुद्धा कुजबुजत.

मी सेल्मिराचा हात धरला. म्हटलं, "वहिनी, चल. बघू नकोस."

"का? जेवतेय ती," सेल्मिरा म्हणाली आणि देमियानच्या हातातून दुर्बीण काढून घेतली. अंधारून येईपर्यंत तिने ती परत दिली नाही.

पुढचं सगळं रीतसर झालं. देमियानच्या कार्यालयाने लिहिलं की स्थानिकांच्या सहभागाने पक्ष्याने पहिला आहार घेतला. बिबियानाच्या कार्यालयाने लिहिलं की घंटेच्या साहाय्याने कुत्र्याला कळपाकडे वळवण्याची पद्धत विकसित करण्यात आली. कुणी विकसित केली ते लिहिलं नाही. त्यानंतर तिसरी गाडी आली, पहिल्या दोन गाड्यांत समन्वय साधायला. रुपेर्तोला शहरात भाषणाला बोलावलं. तो गेला आणि अर्धा तास आमच्या रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलला. टाळ्या चांगल्या पडल्या, खड्डे तिथेच आहेत. डबा मात्र त्याने आणला नाही. विचारलं तर म्हणतो, दुकानात संपला होता.

आता कड्यावर तिघं-चौघं असतात. देमियानने आणखी आणले, आणि एक तर कुठून कोण जाणे आपणहून आला. त्याच्या पंखावर बिल्ला नाही आणि तो कुठल्याच कार्यालयाचा नाही. जनावर मेलं की सेल्मिरा स्वतः गाडीतून खडकावर नेते. त्या दिवशी आमदाराला बांधून ठेवायचं आणि त्याच्यापाशी बसायचं काम माझ्याकडे आहे. तो दोर ताणतो, गाडी गेली त्या दिशेला तोंड करून ओरडतो, मग थकून माझ्या पायावर येऊन पडतो. जड आहे मेला. पाय बधिर होतो. मी काही त्याला हलवत नाही.